वार

आमच्या वडगावात वार म्हणजे कापड.
दोन हात म्हणजे एक वार.
मागावरून उतरलेली साडी मी कोपरापासून बोटापर्यंत मोजते,
चुकत नाही.
वार म्हणजे लाईट जाते तो मंगळवार.
वार म्हणजे कोयत्याचा.
आणि तू.
तुला मी एकदाच पाहिलं,
पिवळ्या पिशवीत जाताना.

आठव्या महिन्यात जोडवी निघेनात.
साबण लावला, दोरा गुंडाळला,
शेवटी शहापूरच्या सोनारानं कापली.
सासू म्हणाली, पहिलटकरणीला सूज येतेच की गे.
डोळ्यांपुढं चमचम कण उडायला लागले,
मला वाटलं जर असेल,
दिवसभर तीच तर बघते.

तायी कार्डावर लाल शाईत एकशे सत्तर, खाली एकशे दहा.
कार्ड कानडीत, मला आकडे तेवढे कळतात.
माझं माहेर चंदगडकडचं;
तायी म्हणजे आई हे इथं आल्यावर समजलं,
तोवर मी त्या शब्दाला थोरली बहीण म्हणत होते.

सिव्हिलमध्ये लघवी नळीत तापवली,
नासलेल्या दुधासारखी झाली.
कमरेत दोन्हीकडं इंजेक्शन. अंगभर आग, जीभ जड.
सिस्टर कुस्टोडिया गुडघ्यावर हातोडी मारायची,
पाय धोट्यासारखा उडाला की म्हणायची, हां, आहेस.

तेहतिसाव्या आठवड्यात पोट कापलं.
पोरगी चौदाशे ग्रॅम.
तू थाळीत,
लहान, कडेला पांढरी,
शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी न पोचल्यासारखी.
सासूनं तुला मागितलं, दारात पुरायला.
ते म्हणाले, तसा नियम नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, बैलहोंगलच्या, मराठी अर्धी.
"बघ अक्का, वार अर्धी तुझी, अर्धी नवऱ्याची.
परकी म्हणून अंगातले राखणदार तिला हाकलत नाहीत.
उलटं, सुरुवातीला तेच वाट रुंद करून देतात,
रक्ताच्या नळ्या मोकळ्या करतात.
तुझ्यात तेवढं झालं नाही.
तिला रक्त पुरेना, ती आतून ओरडायला लागली,
त्या ओरडण्यानं सगळ्या नळ्यांना सूज.
डोक्याच्या, मूत्रपिंडाच्या, सगळ्या.
पायाची सूज तुला दिसली, ही दिसत नव्हती."

पाट्यांच्या भाषेवरून दगड पडलेले बघितलेत मी,
राखणदार म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
पण तसं काही बोलले नाही.
एवढंच विचारलं, ते ओळखायला कुठं चुकले?
बाई थांबल्या. कार्ड उलटसुलट केलं.
"चुकले कसं म्हणू? कदाचित भेटच नीट झाली नाही.
आम्हालाही सगळं ठाऊक नाही."

रात्री बसवंत कॉटखाली चटई टाकून जागा.
अर्धी माझी, म्हणाला, म्हणजे माझ्यामुळं?
मी म्हटलं, डबा खाल्लास का?

तू गेलीस तरी बीपी चार दिवस उतरलं नाही,
पाहुणा उठून गेल्यावर
अंथरूण ऊबदार राहतं तसं.
तुझ्यावर राग धरावा म्हटलं तर
धरायला जागा सापडेना.
तू काय, भूक लागली म्हणून ओरडलीस.
ओरडशील नाहीतर काय करशील?

आता पोरगी माझ्या उघड्या छातीशी,
वरून शाल, त्यावर सासूचा जुना पदर.
सिस्टर सांगते, हलू नको, तुझी ऊब तिला लागू दे.
एक हात मोकळा आहे.
कोपर तिच्या टाचेशी टेकवते, बोटं टाळूकडं.
हातभर भरत नाही.
परत मोजते.